परवानगी फक्त राण्यांना

देवेश राणे माझ्याशी पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याने माझं नाव विचारलं नाही. पासवर्ड विचारला.

समोरच्या फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू येत होते. पॅसेजभर खोकी, गाद्या, एक उलटं ठेवलेलं टेबल... त्यातून वाट काढत एक उंच, घामाने चिंब झालेला मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"सॉरी हां... वायफायचा पासवर्ड मिळेल का? आमचं कनेक्शन यायला वेळ आहे आणि मला आत्ताच्या आत्ता एक मगर पाठवायचीय."

"काय पाठवायचीय?"

"मगर. म्हणजे मगरीचा आवाज. मी कार्टूनचं डबिंग करतो ना. आज दिली नाही तर अंधेरीच्या स्टुडिओत माझी वाट लागेल."

मी हसू दाबत मागे पाहिलं. पप्पा सोफ्यावर बसून आमची वरात बघत होते. माझे पप्पा, चंद्रप्रकाश परब, आमच्या बोरिवलीच्या शुभंकर सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. इमारतीत त्यांच्या सहीशिवाय जिन्यातला बल्बसुद्धा बदलत नाही. पण त्या दिवशी स्वारी खुशीत होती. नवे शेजारी सिंधुदुर्गातले आहेत हे त्यांना आडनावावरूनच कळलं होतं.

"दे गं अक्षता," ते म्हणाले. "आपलीच माणसं आहेत."

मग मला तो पासवर्ड सांगावा लागला. तो पप्पांनी ठेवलेला, त्यामुळे सांगताना नेहमीच माझे कान लाल होतात.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणाले. "इंग्रजीत, सगळं जोडून. दोन्ही एन कॅपिटल."

त्याने फोनवरून मान वर केली. "मी कुठे मोडतोय नियम?"

"पासवर्ड सांगतेय रे!"

"अच्छा..." तो हसला. डाव्या गालावर एक बारीकशी खळी पडली. "मला वाटलं, अट सांगतेस."

राण्यांचं स्वतःचं कनेक्शन काही आलं नाही. आमच्या विंगची पाठ नॅशनल पार्ककडे आहे. केबलवाला गच्चीवरून नवी वायर सोडायचा आणि माकडं ती ओढून न्यायची. दोनदा असं झाल्यावर केबलवाल्याने हात जोडले. पप्पांनीही मन मोठं केलं, "राहू दे, आमचंच वापरा," म्हणाले. मोबाईलचं म्हणाल तर आमच्या घरात रेंज फक्त गॅलरीत येते, तीही कठड्यावरून हात बाहेर काढला तर. त्यामुळे दोन्ही घरांचा सगळा संसार आमच्या शोकेसवरच्या त्या एका राउटरवर चालायचा. राउटरवर आईने क्रोशाचा रुमाल घातलेला आहे. आमच्याकडे टीव्ही, मिक्सर, फ्रीज सगळ्यांनाच रुमाल आहेत.

आणि मग एक मजा सुरू झाली. नेट गेलं की दोन्ही दारं एकदम उघडायची.

"तुमचं पण गेलं?"

"तुमचं गेलं म्हणून तर आमचं गेलं."

मग मी आत जाऊन राउटर बंद करून पुन्हा चालू करायची आणि त्याचे दिवे लागेपर्यंत आम्ही पॅसेजमध्ये उभे राहायचो. मी पवईच्या एका कंपनीत कामाला आहे, अर्धा आठवडा घरून काम करते. तो घरीच कपाटात बसून, गोधड्या पांघरून रेकॉर्डिंग करतो, म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही. बाहेर आला की केस अस्ताव्यस्त, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत इतकी खुशी, की मला वाटायचं, आज नेट जरा उशिरानेच यावं.

"आज कोण आहेस?" मी विचारायची.

"आज मगरीला ताप आलाय." मग घसा खरवडून तो मगरीच्या आवाजात म्हणायचा, "शेजारीणबाई... दोन लिंबं मिळतील काय?"

मी भिंतीला टेकून हसत सुटायची. हसता हसता कधीतरी लक्षात आलं, की मी नेट जायची वाट बघायला लागलेय. माझं कनेक्शन गेलं म्हणून मीटिंगमधले ऑफिसचे लोक कपाळाला हात लावत, आणि मी उठून आरशात बघत असे. सरळच सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले होते. त्याचं काय, ते मात्र कळत नव्हतं. मगरीच्या आवाजाशिवाय तो धड काही बोलायचाच नाही.

असं छान चाललं होतं, आणि मध्ये चपलांचा स्टँड आला.

देवेशची आई, रत्नप्रभाकाकू, यांनी पॅसेजमध्ये एक लोखंडी स्टँड आणून ठेवला. पप्पांनी नोटीस काढली, पॅसेज मोकळा ठेवावा, हुकुमावरून, सेक्रेटरी. काकूंनी नोटीस वाचली. कागद चांगला जाड होता. त्यांनी तो घडी घालून स्टँडच्या खालच्या फळीवर अंथरला आणि त्यावर आपल्या पावसाळी चपला ठेवल्या.

पप्पा दूध आणायला निघाले तर समोर त्यांची सही, आणि सहीवर चप्पल!

"सेक्रेटरीच्या सहीवर?" ते दारातूनच ओरडले.

"मगे काय फ्रेम करून लावू?" काकू आतून म्हणाल्या.

त्या दिवसापासून बोलणं बंद. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्या सोसायटीत भाडेकरूंचा करार अकरा महिन्यांचा असतो आणि तो पुढे वाढवायचा तर सभेची परवानगी लागते. राण्यांचा करार संपत आला होता. पप्पांनी रविवारच्या ऑनलाइन सभेत तो विषय घेतला आणि मला जेवताना सांगितलं, "मी हरकत घेणार. त्यांनी दुसरीकडे बघावं."

माझा घास तोंडातच राहिला. मी पुष्कळ वाद घातला. आई असती तर तिने पप्पांना दोन वाक्यांत जमिनीवर आणलं असतं, पण ती कणकवलीला मामाकडे गेली होती. पप्पांचं एकच पालुपद, नियम म्हणजे नियम. त्या रात्री मी पासवर्ड टाकून ऑफिसचा लॅपटॉप वायफायला जोडला आणि पहिल्यांदाच त्या पासवर्डचा मला राग आला.

रविवारी सकाळी उठले, तर माझा फोन वायफायला जोडेना. लॅपटॉप जोडेना. टीव्हीवर नुसतं एक चक्र गरगरत होतं. पप्पा शर्ट इस्त्री करून, केसांना तेल लावून, फोन हातात धरून घरभर फिरत होते.

"सभा अकराला आहे गं! काहीतरी कर!"

मी राउटर बंद करून चालू केला. दिवे सगळे हिरवे, व्यवस्थित. फोनमधलं जुनं नेटवर्क पुसून पासवर्ड पुन्हा टाकला, दोन्ही एन कॅपिटल. फोन थोडा वेळ विचार करायचा आणि म्हणायचा, जोडता येत नाही.

"राण्यांनी हॅक केलं," पप्पा म्हणाले. "त्या पोराने. कॉम्प्युटरवर बसलेलाच असतो."

"कपाटात बसलेला असतो."

"तेच ते."

तेवढ्यात समोरून काकूंच्या फोनवरचं भजन ऐकू आलं. अगदी खणखणीत, कुठेही न अडखळता. मी कान दिला. भजन संपलं, पाठोपाठ जाहिरात लागली. म्हणजे त्यांचं नेट चालू होतं. आमच्या राउटरवर!

"पप्पा," मी हळूच विचारलं, "तुम्ही काल या राउटरला काही केलंत का?"

पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक माकड एसीवर बसून केळ्याचं साल चाटत होतं.

"पप्पा."

"त्यांचं बंद केलं," ते म्हणाले. "माझं कनेक्शन वापरायचं आणि माझ्या सहीवर चपला ठेवायच्या? राउटरच्या ॲपात जाऊन त्यांची सगळी नावं टाकली यादीत. फोन, लॅपटॉप, सगळं. सेव्ह केलं आणि माझंच गेलं!"

मी दार उघडलं. त्यांचं नेट गेलं नव्हतं, तरी समोरचं दार उघडलंच. देवेश. सभेत काय होणार ते त्यालाही ठाऊक होतं. त्याचे डोळे झोप न झाल्यासारखे दिसत होते.

"तुमचं गेलं?" त्याने विचारलं.

"आमचं गेलं. तुमचं नाही गेलं." मी मान खाली घातली. "तुझा फोन घेऊन येतोस? राउटर आमच्या कोणाला आत घेत नाहीये. फक्त तुम्हाला घेतोय."

तो आला. पप्पांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. राउटरच्या आत शिरायला त्याच्या पाठीवर चिकटवलेला आकडा लागतो, म्हणून मी स्टुलावर चढले. स्टूल एका पायाने लंगडं. देवेशने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी क्रोशाचा रुमाल उचलला, राउटर पालथा केला आणि एकेक आकडा वाचायला लागले. माझ्या गुडघ्याजवळ त्याची बोटं होती. माझं लक्ष असं काही उडालं होतं, की आठाला मी नऊ म्हणाले.

"चुकीचा आहे म्हणतोय," तो खालून म्हणाला.

"मग धर नीट ना."

"स्टूल धरलंय गं. आकडे तू धर."

दुसऱ्यांदा जमलं. त्याने स्क्रीनवर बोट फिरवलं, थांबला, पुन्हा वाचलं. मग तो खालच्या खाली हसायला लागला.

"काका," तो वर्तमानपत्राला म्हणाला, "तुम्ही आमची नावं यादीत टाकलीत, बरोबर. पण यादी दोन प्रकारची असते. एक, हे सोडून सगळे आत. दुसरी, फक्त हेच आत. तुम्ही दुसरी निवडलीत."

वर्तमानपत्र खाली आलं. "मी काही निवडलं नाही! यादीत नाव टाकलं की कारवाई, आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर काय वेगळं असतं? आणि मग ॲपने विचारलं, अलाउ? मी म्हटलं अलाउ. प्रत्येक ॲप तेच विचारतं!"

"म्हणून राउटर फक्त राण्यांना अलाउ करतोय," मी म्हणाले. "घर परबांचं, परवानगी फक्त राण्यांना."

पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण घड्याळात अकराला थोडंच कमी होतं, आणि त्यांना अपमानापेक्षा सभा मोठी. "बंद कर ते लगेच," ते देवेशला म्हणाले.

"करतो. पण सेटिंग बदललं की राउटर सगळ्यांना बाहेर काढतो, पुन्हा उठायला वेळ घेतो. सभेची सुरुवात चुकेल तुमची." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "त्यापेक्षा माझ्या फोनवरून बसा आत्ता. सभा झाली की मी नीट करून देतो."

पप्पा चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेले. मी देवेशचं मनगट धरलं. पहिल्यांदाच धरलं होतं, पण त्या घाईत तेही कळलं नाही.

"वेडा आहेस का? फोन नको देऊ. म्हण चार्जिंग संपलं, म्हण काहीही... ते सभेला गेलेच नाहीत तर हरकत कोण घेणार? करार आपोआप वाढेल."

"माहितीये."

"मग?"

"मग काय..." त्याने फोनकडे पाहिलं. "उद्या तुझ्या पप्पांच्या समोर उभं राहायचं असेल तर आज त्यांना फसवून कसं चालेल?"

"उद्या कशाला उभं राहायचंय तुला?"

त्याने घसा खरवडला. मी ओळखलं, आता मगर येणार.

"मगर नको," मी म्हणाले. "तुझ्या आवाजात सांग."

"माझ्या आवाजात जमत नाही गं," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "गेल्या बुधवारी नेट गेलंच नव्हतं. मी उगाच दार उघडलं होतं. तू पण उघडलंस, मग मला म्हणावं लागलं की गेलंय."

"आणि मी कशाला उघडलं असेल, असं वाटतं तुला?"

तो बघतच राहिला. मीही. माझ्या हाताखाली त्याची नाडी इतकी जोरात उडत होती, की मला एकदम रडू यायला लागलं. हे सगळं आज सापडलं, आणि आजच जाणार होतं...

"सापडला!" म्हणत पप्पा चष्मा घालून बाहेर आले. देवेशने फोन त्यांच्या हातात दिला.

पप्पांनी सोसायटीच्या ग्रुपवरची सभेची लिंक दाबली. स्क्रीनवर आलं, कृपया थांबा, तुम्हाला आत घेण्यात येईल. थांबले. बराच वेळ कोणी घेईना. मग अध्यक्षांचा, मधुकरकाकांचा मेसेज आला. भाडेकरूंना सभेस बसता येत नाही. सेक्रेटरींचा नियम आहे.

"अरे मी परब आहे!" पप्पा फोनवर ओरडले.

"तिथे माझं नाव दिसतंय काका," देवेश म्हणाला. "त्यांना ऐकू नाही जाणार."

शेवटी पप्पा गॅलरीत गेले, कठड्यावरून हात बाहेर काढून आपल्या फोनवरून मधुकरकाकांना कॉल लावला आणि वाऱ्याच्या वरताण ओरडले, "मधुकर! तो देवेश राणे मी आहे! आत घे मला!" समोरच्या विंगेतल्या दोन बायका गॅलरीत येऊन बघायला लागल्या.

एकदाचे आत घेतले गेले. स्क्रीनवर पप्पांचा तेल लावलेला भांग आणि खाली नाव, देवेश राणे. चौकटींमधून सगळी सोसायटी हसायला लागली.

"परब," मधुकरकाका म्हणाले, "तुम्ही राण्यांच्या फोनवर कसे काय? तुमचं तर भांडण आहे म्हणे."

पप्पा आमच्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर म्हणावं लागणार होतं, की मी राण्यांना बाहेर काढायला गेलो आणि स्वतःच बाहेर झालो. सेक्रेटरी असून स्वतःच्या घरात स्वतःलाच बंदी! सोसायटीने वर्षभर पुरवून पुरवून चघळलं असतं.

"भांडण कसलं?" पप्पा म्हणाले. गळ्याशी बटण होतं ते काढलं. "आमचं वायफाय एकच आहे पहिल्यापासून. माझा फोन जरा बिघडला, यांचा घेतला. घरच्यासारखेच आहेत ते."

माझा हात आपोआप तोंडावर गेला. देवेश छताकडे बघत होता.

"वा वा," मधुकरकाका म्हणाले. "मग तो राण्यांच्या कराराचा विषय आहे बघा तुमचा. काही हरकत असेल तर बोला. पण आता काय असणार म्हणा, घरच्यासारखे म्हणताय."

पप्पांनी एकदा फोनकडे पाहिलं, मग ज्याचा फोन होता त्याच्याकडे. देवेशने नजर चुकवली नाही, हात जोडले नाहीत, काहीच केलं नाही. नुसता उभा राहिला.

"हरकत नाही," पप्पा हळूच म्हणाले. मग गळा साफ करून जरा मोठ्याने, "माझी हरकत नाही. मुलगा सरळ आहे. चपलांचा स्टँड तेवढा आत घ्यावा, अशी विनंती."

"घेतंय!" दारातून आवाज आला. काकू हातात झारा घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या. "आत्ताच्या आत्ता घेतंय. परबानु, चाय ठेवू काय?"

पप्पांनी त्यांच्याकडे न बघता मान हलवली. ती होकारार्थी होती. काकू माझ्याकडे बघून डोळे मिचकावून गेल्या.

सभा पुढे पाण्याच्या टाकीवर गेली. मी आणि देवेश शोकेसपाशी उभे होतो, तो रुमाल अजून माझ्या हातात होता.

"अकरा महिने मिळाले," देवेश कुजबुजला.

"आणि नंतर?"

"नंतर पुन्हा अर्ज, पुन्हा सभा..."

"नाही जमणार," मी म्हणाले. रुमालाचा पार बोळा झाला होता. "दर अकरा महिन्यांनी असा जीव टांगणीला लावून मला नाही राहता येणार, देवेश. मला ते घरच्यासारखे वगैरे नकोय. मला तू घरचा हवायस. प्रेम आहे माझं तुझ्यावर. झालं, सांगितलं."

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मग तो स्वतःच्याच आवाजात, अगदी बारीक, घाबरलेल्या आवाजात म्हणाला, "माझं पण आहे. केव्हापासून... पण काका समोर बसलेत गं."

आम्ही दोघांनी एकदम वळून पाहिलं. पप्पा सोफ्यावर ताठ बसून फोनकडे बघत होते. स्क्रीनवर कोणीतरी टाकी साफ करण्याबद्दल तावातावाने बोलत होतं.

"मी माझा आवाज बंद ठेवलाय," पप्पा मान न वळवता म्हणाले. "सभेला काही ऐकू जात नाही." मग त्यांनी चष्मा वर सरकवला. "तुझ्या आईला बोलव रे देवेश. चहा इकडेच घेऊन या म्हणावं. आणि अक्षता, तुझ्या आईला गॅलरीतून फोन लाव... परत ये म्हणावं, घरात बोलणी आहेत."